गौर पाणवठ्यावरून आणायची असते, मग मुंबईत कुठून आणायची?

सोनटक्का | २४ ऑगस्ट २०२५
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय कारण पुढच्या रविवारी आवाहन आहे आणि घरात अजून काहीच ठरलेलं नाहीये. माझं माहेर नागपूर, सासर राजापूर तालुक्यातलं एक छोटं गाव. दरवर्षी गणपतीला आम्ही सगळे गावी जातो. यंदा पावसात घराची मागची भिंत खचली, त्यात सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून गणपती आणि गौर दोन्ही पहिल्यांदाच भांडुपला आमच्या फ्लॅटवर, चौदाव्या मजल्यावर.

गणपतीचं काही नाही, मूर्ती सांगून ठेवलीय. अडलंय ते गौरीपाशी. आमच्याकडे गौर तेरड्याची. घराखाली पऱ्या (ओढा) आहे, तिथे आवाहनाच्या दिवशी पाच मुली जातात, तेरड्याची जुडी आणि पाण्याचा तांब्या घेऊन येतात. येताना कोणी तोंडातून शब्द काढायचा नाही, मागे वळून बघायचं नाही. दारात आलं की पायावर दूध पाणी, हळदकुंकवाची पावलं, आणि मग आतून विचारायचं "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?" उत्तर देत देत सगळं घर फिरवायचं, कणगी दाखवायची, गोठा दाखवायचा.

सासूबाई तीन दिवस एकच विचारतायत, "अगो पण आणायची कुठून? नळाखालून गवर येते होय?" मिस्टर म्हणतात तुळशीपाशी ठेव आणि तिथून आण, पण आमची तुळस ग्रिलमधे टांगलेली आहे. मुंबईत तुम्ही लोक नक्की कुठून आणता? जे करत असाल ते सांगा, अगदी छोटं असलं तरी.

---

अबोली७२ | २४ ऑगस्ट
आमच्या खड्यांच्या. गिरगावात चाळीत वाढले, चाळीच्या मागे विहीर होती, वर लोखंडी झाकण. पाणी कोणी भरत नव्हतं पण आजी त्या झाकणाशेजारचेच खडे उचलायची, सात. सोवळ्यात, मुक्याने. मला कुमारिका म्हणून हातात ताम्हन धरायला मिळायचं, जिन्यात सगळी बिऱ्हाडं दारं उघडून उभी असायची आणि आमच्यामागे एकजण घंटा वाजवत यायचा. बोलायचं नाही म्हटल्यावर नेमकं हसू यायचं, ते दाबताना डोळ्यात पाणी.
आता विहीरही नाही, चाळही नाही, टॉवर झालाय. मी दहिसरला असते, आदल्या दिवशी नदीकाठच्या देवळाच्या आवारातून खडे आणून धुवून तुळशीत ठेवते आणि आवाहनाला तिथून उचलते. नदीच्या पाण्याला हात लावावासा वाटत नाही, काय अवस्था केलीय ते बघवत नाही.

---

घाटावरचा | २४ ऑगस्ट
भांडुप म्हणजे पवई तलाव किती जवळ! तिथूनच आणा की.

---

चकली | २५ ऑगस्ट
@घाटावरचा तलावात मगरी आहेत हो! पाच मुली पाठवायच्या आणि मागे वळून बघायचं नाही? :)

---

कोकणचो_झील | २५ ऑगस्ट
वैनी, इतको इचार कित्याक करतास? आमच्या सिंधुदुर्गात व्हाळावरसून आणतत, तुमच्या रत्नागिरीत पऱ्या म्हणतत, पाणी ता पाणीच. माझी आवस लालबागात चाळीस वर्सां रवली. ती तांब्यो घेऊन चाळीच्या सार्वजनिक नळार जायची, नळाक हळदकुंकू लावायची, फूल व्हायची आणि तांब्यो भरून घेऊन येयची. गवर रुसली नाय कधी.

---

वैदर्भी | २५ ऑगस्ट
सोनटक्का, अगं नागपूरची न तू! मग महालक्ष्म्या का नाही बसवत? मीही नागपूरचीच, आता ठाण्यात. आमच्याकडे पाणवठ्याचा प्रश्नच नाही, ज्येष्ठा कनिष्ठा फाटकातून किंवा मागच्या दारातून आत येतात, दोघी सवाष्णी एकेक मुखवटा घेऊन, थाळी चमच्याने वाजवत. कोथळ्या उभ्या करायच्या, पोटात गहू तांदूळ भरायचे, पैठणी नेसवायची, सोबत दोन बाळं, मुलगा आणि मुलगी. वर फुलोरा टांगायचा. पूजनाच्या दिवशी सोळा भाज्या, पुरणपोळी, कटाची आमटी, ज्वारीची आंबील, पडवळाची कढी. आणि सोळा पदरी सुताचा दोरा, सोळा गाठींचा, हळदीत पिवळा केलेला, तो विसर्जनानंतर बाया गळ्यात घालतात.

माझी आई दोन दिवस आधीपासून सोवळ्यात असायची. घरात पन्नास पानं उठायची आणि तिचं शेवटचं पान संध्याकाळी पाचला. नोकरी करून मला एवढं होत नाही, ठाण्यात मी सोळा भाज्या एकत्र करून एकच मिसळभाजी करते. सोळा मोजून घालते मात्र, शेवटची कढीपत्त्याची का असेना.

---

सोनटक्का | २५ ऑगस्ट
@वैदर्भी वाचून आईची फार आठवण आली गं. पण घरची गौर सासूबाईंची आहे, पन्नास वर्षं त्यांनी आणलीय. मी माझ्या माहेरच्या उभ्या करायला लागले तर त्यांची गौर कुठे जाईल? महालक्ष्म्या वहिनीकडे नागपुरात आहेतच. मला इथे यांचीच नीट करायचीय.
@कोकणचो_झील तुमच्या आईचं सासूबाईंना वाचून दाखवलं. काही बोलल्या नाहीत. पण चहा मागितला, म्हणजे विचार करतायत.

---

जुनेपान | २५ ऑगस्ट
नळाला माझा विरोध आहे, स्पष्टच सांगतो. ज्येष्ठागौरीची कहाणी ऐकली असेल तर पाण्याला एवढं महत्त्व का ते कळेल. गरीब ब्राह्मण, घरोघरी गौरी आलेल्या, पोरं आईकडे हट्ट धरतात की आपल्याकडेही आण. घरात दाणा नाही. तो वैतागून जीव द्यायला तळ्यावर जातो. तिथे काठावर त्याला एक म्हातारी सवाष्ण भेटते, त्याची समजूत घालते आणि त्याच्याबरोबर घरी येते. मग बायको बघते तर मडकं कण्यांनी भरलेलं. दुसऱ्या दिवशी घावन घाटलं, तिसऱ्या दिवशी खीर, गाई येतात, गोठा भरतो. म्हातारी निघते तेव्हा सांगून जाते की भाद्रपदात तळ्याच्या पाळीवर जा, दोन खडे घरी आण, ज्येष्ठा आणि कनिष्ठा म्हणून पूज.
म्हणजे गौर भेटली ती पाण्याच्या काठावर, तीही माणूस मरायला निघाला त्या जागी. ती जागा सोडून बाथरूमशेजारच्या नळाला हळदकुंकू लावून कसं चालेल? मी दरवर्षी बाणगंगेला जातो, वाळकेश्वरला. मुलुंडहून लोकलने. दीड तास जाण्यात, दीड येण्यात. कुंडाच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की वाटतं, हो, ही जागा आहे.

---

अबोली७२ | २५ ऑगस्ट
जुनेपान, कहाणी छान आठवण करून दिलीत. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला आणि पाच पोरींना गणपतीच्या गर्दीत लोकलने बाणगंगेला? त्यात परतीचा सगळा वेळ मुक्याने?

---

चकली | २५ ऑगस्ट
मुलुंड फास्टमधे मौन पाळणाऱ्या पाच मुली बघायला सगळा डबा उभा राहील :)

---

निळीशाई | २६ ऑगस्ट
थोडं लांबण लागेल, पण प्रश्न इतका चांगला आहे की राहवत नाही. मुंबईतले पाणवठे गेले कुठे, याला इतिहास आहे. जुन्या मुंबईत घरोघर, वाडीवाडीत विहिरी होत्या आणि गौरी तिथूनच यायच्या. १८६० मधे विहार तलावाचं पाणी नळाने आलं, १८७९ मधे तुळशी, १८९२ मधे तानसा. तरी विहिरी चालूच होत्या. मग १९११ मधे डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियावर अहवाल दिला, डासांची पैदास याच विहिरींत होते असं त्यात होतं, आणि विहिरी बुजवा नाहीतर झाका अशी मोहीम निघाली. लोकांनी विरोध केला, पूजेला विहिरीचंच पाणी लागतं म्हणून. बऱ्याच विहिरी बुजल्या, काहींवर झाकणं बसली. अबोलीताईंच्या चाळीमागच्या विहिरीचं लोखंडी झाकण त्याच काळातलं असू शकेल.

आता नळाबद्दल. जुनेपान काकांचा राग समजतो, पण नळातून येतं ते पाणी कुठलं? तानसा, भातसा आणि वैतरणा. वैतरणेचा उगम त्र्यंबकच्या डोंगरात, जिथे गोदावरी उगम पावते त्याच डोंगररांगेत. ती नदी शंभरेक किलोमीटर पाइपातून चालत येते आणि या शहराचं बरंचसं पाणी शुद्ध होतं कुठे, तर भांडुप कॉम्प्लेक्समधे. सोनटक्काताई, तुम्ही मुंबईच्या पाणवठ्याच्या काठावरच राहता. पऱ्यावरची काय आणि पाइपातली काय, नदीच आहे ती. फक्त घरातल्या बेसिनचा नळ नको. जिथे पालिकेची लाइन आवारात शिरते, मीटरपाशी, तिथला नळ बघा.

---

कोकणचो_झील | २६ ऑगस्ट
ह्या बेस सांगितलास! आवशीक आता सांगतंय, तू वैतरणेर जाय होतंस म्हणान.

---

जुनेपान | २६ ऑगस्ट
@निळीशाई माहिती नवीन होती. माझं मन बाणगंगेलाच आहे, पण तुमचा मुद्दा खोडता येत नाही. विचार करतो.

---

आगरी_पोर | २६ ऑगस्ट
पाण्याचं झालं, आता नैवेद्याचं बोला. यंदा पूजन सोमवारी येतंय. उरणला आमच्याकडे गौरीला चिंबोऱ्या लागतात, काही घरांत मटण. आमची आजी म्हणायची गवर माहेराला आलीय, माहेरात लेकीला तिच्या आवडीचं घालणार का वार बघत बसणार? सोनटक्का ताई तुमच्याकडे तिखटा सण आहे ना? सोमवार आहे म्हणून काय करताय?

---

घाटावरचा | २६ ऑगस्ट
देवीला मटण? आणि गणपती शेजारी असताना? हे मला कधी पटलं नाही. साताऱ्यात आमच्याकडे पुरणपोळी, भाजीभाकरी, बस.

---

आगरी_पोर | २७ ऑगस्ट
पटायला पाहिजे असं कोण म्हणतंय. गणपती आणि गौर यांच्यामधे पडदा धरतो आम्ही, गणपतीचा मोदकाचा नैवेद्य वेगळा. आमच्यात सांगतात की गौरीबरोबर शंकराचे गण येतात, त्यांचा तो नैवेद्य. कोणी सांगतं गौरीचाच. आमच्या समुद्राला नारळी पौर्णिमेनंतर होड्या परत जातात, पहिली ताजी मासळी घरात येते आणि माहेरवाशीण पण त्याच दिवसांत येते. तिला सोडून आपण खायचं?

---

निळीशाई | २७ ऑगस्ट
@घाटावरचा आम्ही सीकेपी, दादरला तीन पिढ्या. आमच्या घरातही सामिष नैवेद्य आहे. घरात जे पिकतं आणि घरची माणसं जे खातात तेच पानात. कोकणातल्या, आगरी, कोळी, मराठा, कुणबी अशा कितीतरी घरांत असंच आहे. तुमच्या साताऱ्यात पहिल्या दिवशी भाजीभाकरीच का, कारण ती त्या मातीतलीच. दोन्ही नैवेद्य एकाच विचाराने निघालेत.

---

घाटावरचा | २७ ऑगस्ट
ठीक आहे, पडद्याचं माहीत नव्हतं. बोललो ते कोणाला लागलं असेल तर माफ करा, सगळ्यांना चतुर्थीच्या शुभेच्छा. पण मग एक सांगा, गौर गणपतीची आई की बहीण? आमच्याकडे पार्वती, म्हणजे आई.

---

वैदर्भी | २७ ऑगस्ट
आमच्याकडे महालक्ष्म्या! म्हणजे आई पण नाही बहीण पण नाही.

---

चकली | २७ ऑगस्ट
पुण्यातली माझी मावशी बहिणी म्हणते, "गणपती भावाला न्यायला आल्या" म्हणते. आमच्याकडे आई.

---

अबोली७२ | २७ ऑगस्ट
कोल्हापूरच्या माझ्या वहिनीकडे तर गौर येते आणि दुसऱ्या दिवशी तिच्यामागे शंकरोबा येतो! बायकोला न्यायला जावई. त्यामुळे तिथे आई. आणि कर्नाटकातल्या माझ्या शेजारणीकडे स्वर्णगौरी चतुर्थीच्या आदल्या दिवशी, तृतीयेला, आपली हरतालिका असते त्या दिवशी. ती म्हणते आई आधी येते, मुलगा दुसऱ्या दिवशी. प्रत्येक घर नात्याचा धागा आपापल्या बाजूने धरतं.

---

मोगरा_वसई | २८ ऑगस्ट
धाग्यावर उशिरा आले. मला ओवशाबद्दल विचारायचंय. माझं लग्न मे महिन्यात झालं, सासर महाडकडचं, आम्ही राहतो वसईला. सासूबाई म्हणतात यंदा पूर्वा आहे म्हणून ओवसा करायचाच, नाहीतर पुढच्या वर्षी येईल का सांगता येत नाही. मला यातलं काहीच माहीत नाही, माहेरी आमच्या मुखवट्याच्या गौरी. काय घेऊन जायचं?

---

सोनटक्का | २८ ऑगस्ट
@मोगरा_वसई अगं सासूबाईंना विचारलं, त्या उठून बसल्या. त्या सांगतायत ते लिहिते. ऑगस्टच्या शेवटी सूर्य पूर्वा नक्षत्रात जातो, तेव्हा गौरी आल्या तरच नव्या सुनेचा पहिला ओवसा. पाच सुपं घ्यायची, पांढरा दोरा गुंडाळून हळदकुंकू लावायचं. आत तांदूळ, नारळ, पानसुपारी, काकडी भोपळ्यासारख्या रानातल्या भाज्या, फळं, गजरा. गौरीसमोर सुपं पाच वेळा ओवाळायची, मग मोठ्यांना, दिरांना, जावांना वाण द्यायचं आणि ते बदल्यात तुला काहीतरी देतात. नक्की काय काय घालायचं ते मात्र तुझ्या सासूबाईंनाच विचार, गावागणिक फरक असतो. सासूबाई म्हणतायत त्यांच्या ओवशाला दिराने एक पितळी कळशी दिली होती, ती अजून आहे. मी बारा वर्षं त्या कळशीत गहू ठेवतेय, मला आज कळलं ती कुठून आली.

---

मोगरा_वसई | २८ ऑगस्ट
थँक्यू ताई! सुपं वसईच्या बाजारात मिळतात, उद्याच आणते.

---

घाटावरचा | २९ ऑगस्ट
तेरडा मुंबईत कुठे?

---

कोकणचो_झील | २९ ऑगस्ट
दादर फुलबाजार, पहाटे. शनिवारी जा, रविवारी पाय ठेवूक जागा नाय. अघाडो, हळदीची पानां, केळीचो कोंब सगळा मिळता. भांडुप टेशनाबाहेर पण रायगडच्या कातकरी बाया जुड्ये घेऊन बसतत, त्येंच्याकडसून घेवा, ताजो असता.

---

अबोली७२ | २९ ऑगस्ट
तेरडा आणल्यावर मुळं ओल्या फडक्यात गुंडाळून बादलीत ठेवा, पंख्याखाली नको. म्हण आहेच तेरड्याचा रंग तीन दिवस, आणि गौर पण तीनच दिवसांची, पण मुंबईच्या घामट हवेत तो दीड दिवसात मान टाकतो.
आणि कोणी कळलावी आणली असेल (कोकणात काहीजण गौरीचे हात म्हणतात तिला) तर लहान मुलांपासून लांब ठेवा. दिसायला ज्वाळेसारखी सुंदर पण विषारी आहे, कंद तर फारच.

---

चकली | ३१ ऑगस्ट
आज आवाहन! सोनटक्का, काय ठरलं शेवटी?

---

वैदर्भी | १ सप्टेंबर
आमच्या महालक्ष्म्या जेवल्या. सोळा भाज्या झाल्या, सोळावी कढीपत्ताच :) पाय बोलतायत. सोनटक्का कुठे आहेस?

---

जुनेपान | २ सप्टेंबर
मी काल नाही, परवा बाणगंगेला गेलो. नेहमीसारखाच. पण एक वेगळं केलं, येताना तांब्यातलं थोडं पाणी मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या नळावर घातलं. निळीशाई यांचं वाचल्यापासून त्या नळाकडे नुसतं नळ म्हणून बघवत नव्हतं.

---

सोनटक्का | ३ सप्टेंबर
मंडळी, काल रात्री विसर्जन झालं, आता हात रिकामे झाल्यासारखं वाटतंय, म्हणून सगळं लिहिते.

निळीशाईंचा प्रतिसाद सासूबाईंना दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं, "वैतरणा म्हणजे मोठी नदी काय गो?" म्हटलं हो. मग म्हणाल्या, "मग खाली चल, दाखव मला कुठून येते ती." वॉकर घेऊन लिफ्टने खाली आल्या. वॉचमनदादांनी गेटजवळची मीटरची खोली दाखवली, तिथे लाइन आत येते आणि भिंतीला एक नळ आहे, गाड्या धुवायला वापरतात तो. त्यांनी नळ उघडला, हात धुतला, पाणी तोंडाला लावलं आणि म्हणाल्या, गोड आहे. तिथेच ठरलं. वॉचमनदादांनी रविवारी सकाळी ती सगळी जागा झाडून, धुवून ठेवली, मी सांगितलंही नव्हतं. उलट त्यांनी एक विटकर आणून तेरडा ठेवायला जागा केली.

पाच मुली हव्या होत्या. माझी एकच. आठव्या मजल्यावरच्या गुजराती शेजारणीच्या दोघी, तळमजल्यावरची तमिळ मैत्रीण आणि आमच्या कामाच्या मावशींची नात, अशा झाल्या पाच. सासूबाईंनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून नळाची पूजा केली, पितळी कळशी भरली (तीच, ओवशाची), आणि तेरडा माझ्या लेकीच्या हातात दिला. सगळ्यांना बजावलं, आता तोंडातून आवाज नाही.

लिफ्टमधे पाच मुली, खुर्चीसकट सासूबाई आणि कळशी. सहाव्या मजल्यावर लिफ्ट थांबली, एक काका आत यायला लागले, म्हणाले कोणता फ्लोअर? कोणी बोलेना. धाकटीने बोटांनी एक आणि चार दाखवलं. काकांनी तेरडा बघितला, चपला बाहेर काढल्या, हात जोडले आणि म्हणाले तुम्ही जा, मी मागून येतो. मला हे मुलींनी नंतर सांगितलं, कारण मी वर दारात दूध पाणी घेऊन उभी होते.

दारात मी विचारलं, "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?" मुलींना उत्तर पाठ करून घेतलं होतं पण त्यांना वाटलं अजून बोलायचं नाहीये, पाचही जणी माझ्याकडे बघत गप्प. शेवटी सासूबाईच बोलल्या, "सोन्यामोत्याच्या पावलांनी आली." मग सगळ्या एकदम ओरडल्या. कणगीच्या जागी तांदळाचा डबा दाखवला, गोठा नाही म्हणून खिडकीतून खालची बाग दाखवली.

@आगरी_पोर सोमवारी तिखटच झालं, वडे आणि सागोती, गणपतीसमोर पडदा धरून. सासूबाईंनी तुमच्या आजीचं वाक्य जसंच्या तसं मिस्टरांना ऐकवलं. शेजारच्या मुलींसाठी पुरणपोळी वेगळी. आणि @वैदर्भी, सकाळी मी भाजी निवडत होते तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या आईकडे ती आंबील करतात ना, ती पण कर एक वाटी, ठेव गवरीपुढे." मी ज्वारीचं पीठ शोधायला दोन दुकानं फिरले. एक वाटी ठेवली.

विसर्जन कृत्रिम तलावात केलं. गावी येताना पऱ्यातली वाळू आणतो, घरभर आणि तुळशीत टाकतो, इथे वाळू नव्हती. सासूबाईंनी मीटरच्या खोलीशेजारच्या कुंडीतली ओली माती मूठभर घेतली, तीच टाकली. गौरीच्या तेरड्याच्या शेंगा आधीच पिकल्या होत्या, हात लावला की फुटतायत, बी सगळीकडे उडालं. ते सगळं गोळा करून कागदाच्या पुडीत ठेवलंय. पुढच्या वर्षी गावची भिंत उभी राहिली तर गौर गावीच. पण तेरडा इथेच खालच्या कुंडीत लावायचा म्हणतायत. कधी पेरू, कोणी सांगेल का?

---

कोकणचो_झील | ३ सप्टेंबर
मिरग लागलो की टाका. कुंडी त्येच्या आधी आठ दिवस उनात तापवा, आणि बी खोल पुरू नका, वरच्या वर माती लावा. पुडी कोरडी ठेवा.

---

अबोली७२ | ३ सप्टेंबर
आणि थोडं बी मला पाठवा. दहिसरला माझ्याकडे रिकामी कुंडी आहे.